आज्जी शेकती

शर्वीचं जावळ काढलं त्याच वर्षी हा कायदा झाला. म्हणजे दोन हजार छत्तीस. जावळाच्या दिवशी न्हावी उशिरा आला, मामाच्या मांडीवर पोर कंटाळून झोपली, आणि अर्धं डोकं झोपेतच उतरवलं गेलं. पाव्हणे जेवत असताना कुणाच्या तरी फोनवर बातमी लागली की बालवाणी कायदा मंजूर झाला. कुणी मान वर केली नाही. मी केली.

मी सनगर. माणदेशात घोंगडी विणायचा आमचा धंदा. मी शाळेत गेलो नाही. बावन्नाव्या वर्षी वाडीत प्रौढांचा वर्ग निघाला तेव्हा अक्षरं शिकलो. तेव्हापासून छापलेलं काही दिसलं की वाचल्याशिवाय मला राहवत नसे. वाडीत कुणाला नोटीस आली की लोक ती माझ्याकडे आणत. मी माग थांबवून, हाताला लागलेली चिंचोक्याची खळ पुसून, ती मोठ्याने वाचून दाखवी. बायको शालन म्हणायची, "आता दवंडी पिटा."

कायदा कशामुळे झाला ते सांगतो, कारण तो वाईट माणसांनी केलेला नव्हता. कुठल्याशा शहरात सात वर्षांच्या एका मुलीने शाळेतल्या बाईंना घरातलं काही सांगितलं. बाईंनी बापाला बोलावून विचारलं. बाप म्हणाला, पोर लबाड आहे. मग नऊ खोल्यांत नऊ माणसांनी तिला विचारलं, "म्हणजे नक्की काय झालं?" पहिल्या खोलीत तिने जे सांगितलं त्यातलं नवव्या खोलीत काही उरलं नव्हतं. तिला घरी पाठवलं आणि तीन आठवड्यांनी ती मेली.

म्हणून कायदा म्हणाला, मुलाला एकदाच विचारायचं, आणि तेही यंत्राने. चौदावं कलम असं होतं : मुलाच्या बोलण्याचा अर्थ कोणत्याही मोठ्या माणसाने लावू नये, आणि मुलाकडे खुलासा मागू नये. मी ते ग्रामसभेत उभा राहून वाचलं होतं. शब्द न अडखळता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कायद्याला की माझ्या वाचनाला, कोण जाणे.

यंत्र आमच्या शाळेत यायला पाच वर्षं लागली. फ्रिजएवढं कपाट, आत एक खुर्ची. मूल आत बसतं, पाव तास गप्पा मारतं. यंत्र दोन कामं करतं. एक, कातडीखाली बघतं. आपल्या डोळ्यांना न दिसणारा उजेड अंगावर सोडला की कातडीच्या आत कुठे रक्त साकळलं होतं, कुठे भाजलं होतं, हे महिन्या-दोन महिन्यांपूर्वीचंही दिसतं. दुसरं, ते ऐकतं. काय बोललं ते, आणि बोलताना श्वास कुठे अडला तेही. लाखो मुलांचे जबाब त्याला आधी ऐकवलेले होते. त्यांच्याशी ताडून ते एक आकडा देतं. आकडा पंच्याऐंशीच्या वर गेला की मूल त्याच दिवशी घरातून हलवायचं.

शर्वी आमच्याकडे दोन वर्षांची असल्यापासून होती. माझा मुलगा अजित आणि सून प्राजक्ता पुण्याला कारखान्यात. तिथल्या हवेत पोरीची छाती भरायची, घरघर लागायची. डॉक्टरांनीच सांगितलं, गावाला ठेवा. माणदेशातली कोरडी हवा तिला मानवली. फक्त थंडीत जरा त्रास व्हायचा.

एकेचाळीस सालच्या थंडीत शालन तिला रोज दिवेलागणीला शेकायची. घोंगड्याचा हातभर तुकडा तव्यावर तापवायचा, आधी आपल्या गालाला लावून बघायचा, मग पोरीच्या पाठीवर दाबून धरायचा. लोकर टोचते. पोर वळवळायची, ओरडायची. मी समोर बसून तिचे दोन्ही हात धरायचो.

"सोड की रं आबा!"

"मला काय म्हनतीस? आज्जीला म्हन."

"आज्जी, चटका बसतोय!"

"बसतोय तर बसू दे," शालन म्हणायची. "छातीतला कफ काय तुझ्या मामाचा हाय का, ठिवून घ्यायला?"

मग पोर हसायची, हसता हसता खोकायची, आणि पाठ गरम झाली की तिथेच झोपून जायची. पंधरा-वीस दिवसांत तिच्या पाठीवर तांबूस जाळं उठलं. शालनच्या उजव्या गालावरही तसंच.

डिसेंबरात एका सोमवारी शाळेत तिची पाळी होती. दुपारी दोन वाजता बालनिरीक्षक रोहिणी वाघचौरे आमच्या दारात उभ्या राहिल्या. पस्तिशीची बाई, उन्हाने रापलेली, बोलायला सरळ.

"शर्वी आजपासून बालगृहात राहील," त्या म्हणाल्या. "तिचे कपडे आणि औषधं द्या."

"का म्हनून?" शालनने विचारलं.

"तिला घरात मारहाण होते, असं निष्पन्न झालंय. आकडा एक्क्याण्णव आहे."

शालन आधी हसलीच. तिला वाटलं, घर चुकलं. "मारतंय कोन? ह्ये? ह्यांच्यानं ढेकूण मरत न्हाय."

"तुमचं नाव आहे, आजी."

त्यांनी मला जबाबाचा कागद दिला. मी उंबऱ्यावर बसून वाचला.

यंत्र : घरी संध्याकाळी काय होतं?
शर्वी : आज्जी शेकती.
यंत्र : अजून सांग.
शर्वी : रोज शेकती. पाठीवर. मी रडले तरी सोडत न्हाय.
यंत्र : तेव्हा घरात कोण असतं?
शर्वी : आबा. माझं हात धरतो.
यंत्र : मग काय होतं?
शर्वी : मग मी झोपते.

खाली छापलं होतं : शेकणे – मारहाण. कातडीखाली उष्णतेच्या आणि दाबाच्या खुणा, पाठ, अनेक दिवसांच्या.

"अहो बाई, शेकणं म्हणजे शेक देणं," मी म्हणालो. "फडकं तापवून. हे बघा, हिच्या गालावर पण तसंच आहे."

शालनने गाल पुढे केला. वाघचौरेबाईंनी नीट पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. पण त्या म्हणाल्या, "मोठ्यांच्या कातडीची नोंद घेता येत नाही, आबा. आणि अर्थ लावायचा मला अधिकार नाही. तुम्हालाही नाही."

"मग पोरीला विचारा की, शेकणं म्हणजे काय ते."

"तो गुन्हा आहे. चौदावं कलम."

"मला पाठ आहे ते," मी म्हणालो.

त्या म्हणाल्या, "गेल्या वर्षी या तालुक्यात यंत्राने अकरा मुलं दाखवली. नऊ खरी होती. ती नऊ मी डोळ्यांनी पाहिलीत. त्यातल्या एकीला दोन वर्षं कोंबड्यांच्या खुराड्यात ठेवलं होतं. बापाला विचारलं तर तो पण म्हणायचा, अर्थ वेगळा आहे. तुम्ही हरकत घेऊ शकता."

शर्वीला शाळेतूनच नेलं. आम्हाला तिला बघू दिलं नाही.

दोन दिवसांनी दोन कागद आले. एक मान्यतापत्र. त्यावर शालनने अंगठा दिला की शर्वी महिन्याभरात आईबापांकडे पुण्याला जाणार. प्राजक्ताने नोकरी सोडायची आणि हवा गाळणारं यंत्र घरात बसवायचं, म्हणजे डॉक्टरांची परवानगी मिळणार होती. पण मान्यतापत्र म्हणजे मारहाण कबूल. शर्वी अठरा वर्षांची होईपर्यंत शालनने तिच्यासमोर जायचं नाही, फोनवर बोलायचं नाही. दुसरा कागद हरकतीचा. तो निकाली निघेपर्यंत शर्वी बालगृहात. जिंकलो तर ती आमच्याकडे परत, नाव साफ.

अजितचा फोन आला. "आबा, आईला अंगठा द्यायला सांगा."

"तुझी आई काय मारकुटी आहे?"

"मला म्हाइत न्हाय का कशी हाय ती? मी बी शेकूनच मोठा झालोय. पन तिथं पोरगी एकटी हाय. तुम्हाला कायदा वाचायचाय, मला पोरगी पायजे."

शालन बाजूलाच होती. तिने सगळं ऐकलं होतं. फोन ठेवल्यावर म्हणाली, "आना कागद."

"मारलं म्हणून लिहून देणार?"

"लिवायला मला कुठं येतंय? अंगठा देते."

"पुन्हा पोरीचं तोंड दिसणार नाही बारा वर्षं. गावभर नाव होईल."

"नाव घिऊन मी काय करू? चुलीत घालू? ती आईजवळ झोपू दे. माझं काय, बारा वर्सं गेली तर गेली."

मी दोन्ही कागद पुन्हा वाचले. हरकतीच्या कागदावर सोळावं कलम होतं : यंत्राची शब्दसमज अपुरी असल्याचा पुरावा देता येईल. मला ते अगदी सोपं वाटलं. सगळ्या जगाला ठाऊक असलेला शब्द. महिनाभरात ही माणसं आमची माफी मागतील, असं मला दिसायला लागलं. ग्रामसभेत तो माफीचा कागद आपण वाचतोय, असंही दिसलं. हे खरं आहे म्हणून लिहितोय.

मी कागद पुढे केला. शालनने शाईत अंगठा बुडवला आणि विचारलं, "ह्योच न्हवं?"

मी म्हणालो, "ह्योच."

तिने हरकतीच्या कागदावर अंगठा दिला.

कामाला लागलो. हा कायदा चालवणाऱ्या मंडळाच्या कचेरीत यंत्रांची देखभाल करणारी एक मुलगी होती, कुलसुम मुजावर. आटपाडीकडची. तिने पहिल्याच दिवशी मला चहा पाजला आणि यंत्र कसं चुकलं ते समजावलं.

"आबा, यंत्राला अर्थ कळत न्हाय. शेजार कळतो. एखादा शब्द कुठल्या शब्दांच्या आजूबाजूला येतो, तेवढंच त्ये बघतं. त्याला ऐकवलेले जबाब सगळे शहरांतले. पोलिसातले, दवाखान्यांतले. त्यात शेकणं कुणाच्या शेजारी आलंय? पट्टा, रडणं, कोंडणं. 'बापानं पाठ शेकून काढली.' एक हजार चारशे वेळा."

"आणि दुसरं शेकणं?"

"शून्य. ज्या पोरांना मायेनं शेकलं, त्यांचा जबाब घ्यायला कोण कशाला जाईल?"

उपाय होता. आमच्या भागातल्या बोलण्याचे नमुने गोळा करून यंत्राला ऐकवायचे. मी फोन घेऊन वाड्यावस्त्या फिरलो. त्रेचाळीस बायका बोलत्या केल्या. "पोराला सर्दी झाली तर काय करता?" एवढंच विचारायचं. कुणी ओव्याची पुरचुंडी सांगितली, कुणी विटेचा तुकडा. एक म्हातारी म्हणाली, "शेकायचं की! न शेकता पोर वाढतंय व्हय? तू बिनशेकल्यालाच दिसतोस." सगळ्या हसल्या, आणि ते हसणंही यंत्राला ऐकवलं गेलं.

हे करता करता महिना उलटला. शालनने विचारलं, "अजून न्हाय आला अजितचा फोन, पोरगी पोचली म्हनून?"

मी सांगितलं. तिला बसवून सगळं सांगितलं.

ती ओरडली नाही. तिने आपला अंगठा पुढे धरला आणि त्याच्याकडे बघितलं. मग म्हणाली, "चाळीस वर्सं मी इचारलं न्हाय, कागदावर काय हाय. तुम्ही धरला की दिला. तवा तुम्हाला बी वाचता येत न्हवतं. आपन दोघं फसत हुतो." तिने भाकरीचं पीठ मळायला घेतलं. त्या दिवसापासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलायची. जेवायला बसा. गाडी आली. एवढंच.

मी म्हणालो, हरकत मागे घेतो. गेलोही कचेरीत. ती मागे घेता येत नव्हती. एकोणिसावं कलम. मुलांच्या नावावर माणसांनी सौदे करू नयेत म्हणून घातलेलं. आधी वाचलं होतं मी ते. पण ते आपल्यासाठी असेल, असं वाटलं नव्हतं.

बेचाळीसच्या जूनमध्ये कुलसुमने सुधारलेलं यंत्र जुन्याच जबाबावर चालवलं. आकडा आला बारा. एक्क्याण्णवचे बारा. तिने मला बाहेर येऊन सांगितलं तेव्हा तिचे डोळे भरले होते. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. फोन करून शालनला सांगितलं. ती म्हणाली, "कधी आनायची?"

एक गोष्ट राहिली होती. आकडा बदलला तर मुलाचा जबाब नव्याने घ्यायचा, सुधारलेल्या यंत्रासमोर. नियमच तसा, आणि योग्यही. सगळ्यांना ती नुसती औपचारिकता वाटली. तारीख पडली अकरा जुलै, बालगृहातच. वाघचौरेबाईही आल्या. मला काचेपलीकडच्या खोलीत बसायची परवानगी मिळाली, कारण आरोप माझ्यावर नव्हता. शालन बाहेर फाटकापाशी, झाडाखाली, मांडीवर पोरीचा धुतलेला परकर घेऊन.

शर्वी आली. उंच झाली होती. केस बारीक कापलेले. चालताना कुणाकडे बघत नव्हती.

यंत्राने विचारलं, "आधीच्या घरी संध्याकाळी काय व्हायचं?"

"आजी शेकायची."

कुलसुमने माझ्याकडे बघून मान हलवली. पडद्यावर आकडा अकरावर होता.

"अजून सांग."

शर्वीने खुर्चीत पाय वर घेतले. "शेकायची म्हणजे मारायची."

यंत्र थांबलं होतं. ते मुलाला वेळ देतं.

"इथल्या मोठ्या मुलींनी सांगितलं," शर्वी म्हणाली. शब्द स्वच्छ, शहरातल्या पोरीसारखे. आमच्या घरातला एकही हेल उरला नव्हता. "गप्प बस नाहीतर शेकीन, असं म्हणतात त्या. मग शेकतात. आधी मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, आजीचं प्रेम आहे. पण ती पण शेकायचीच. पाठीवरच. आणि आबा हात धरायचा."

"मग काय व्हायचं?"

"मग मी झोपायचे," ती म्हणाली आणि रडायला लागली. खोकत खोकत रडली.

कुलसुमचा हात माइकच्या बटणाकडे गेला. तिला फक्त विचारायचं होतं, बाळा, आजीच्या हातात काय असायचं? एवढंच. तिने वाघचौरेबाईंकडे पाहिलं. वाघचौरेबाई खिडकीबाहेर बघत होत्या. त्यांनी वळून पाहिलं असतं तर त्यांना गुन्हा नोंदवावा लागला असता. कुलसुमचा हात तिथेच हवेत थांबला. मग तिने तो मांडीवर ठेवला. मी तिला दोष देत नाही. घरी तिची दोन लेकरं होती.

पडद्यावर आकडा सत्त्याण्णव झाला. यंत्र चुकलं नव्हतं. आता पोरीने स्वतःच्या तोंडाने अर्थ सांगितला होता, आणि कायद्याला तेवढंच हवं होतं.

बालगृहातल्या मोठ्या मुलींचं काय, असं मी विचारलं. ती तक्रार बालगृहाच्या समितीकडे जाते, असं उत्तर मिळालं.

बाहेर आलो. शालन उठून उभी राहिली. माझ्या मागे कोणी येतंय का ते बघत होती.

"वाचून दाखवा," ती म्हणाली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तिने माझ्याकडे काही मागितलं होतं.

मी तिथेच रस्त्याच्या कडेला जबाबाचा कागद वाचला. एक शब्द गाळावा असं मनात आलं. पण एकदा गाळलं होतं. सगळं वाचलं.

ती म्हणाली, "खोटं न्हाय बोलली माझी पोर. तिला आता तसंच आठवतंय." मग परकराची घडी नीट करून पिशवीत टाकली. "महिन्यात घरी गेली असती तर ह्यो शबुद तिला कुनी शिकवला नसता."

निकालानंतर अजितने आणि प्राजक्ताने वेगळा अर्ज केला. आजीआजोबांशी संबंध ठेवणार नाही असं लिहून दिलं, आणि सप्टेंबरात शर्वी पुण्याला गेली. अजितने त्यानंतर मला एकदाच फोन केला. म्हणाला, "पोर आता पाठीला हात लावू देत न्हाय. प्राजक्तालाबी न्हाय. खोकला आला की कोपऱ्यात जाऊन बसती." मग तो म्हणाला, "ठेवतो," आणि ठेवला.

कुलसुमने त्या त्रेचाळीस बायकांचे नमुने यंत्रात राहू दिले. त्यानंतर आमच्या भागातल्या चार मुलांचे आकडे त्यांच्यामुळे खाली आले, आणि ती घरीच राहिली. पाचवं मूल म्हसवडकडचं. त्याचाही आकडा खाली आला आणि तेही घरीच राहिलं. तिथला बाप खरोखरच पट्ट्याने शेकत होता. वाघचौरेबाईंनी हे मला बाजारात भेटून सांगितलं. त्यांनी मला शिव्या दिल्या नाहीत. फक्त सांगितलं आणि गेल्या.

वाडीतले लोक अजून कागद घेऊन येतात. मी चष्मा सापडत नाही म्हणतो.

शालन गेली तेव्हा अजित एकटा आला. निकालाबरोबर आलेला भेटीच्या मनाईचा आदेश शर्वीच्या अठराव्या वर्षापर्यंत आहे. माणूस मेल्यावर तो संपतो का, हे त्यात लिहिलेलं नाही. मी तो दोनदा वाचला.

माझी बायको शालन, वय अडुसष्ट, चार डिसेंबर दोन हजार त्रेचाळीस रोजी दुपारी अडीच वाजता, हृदय बंद पडून, राहत्या घरी वारली.